मोहल्ल्याचं मैदान आणि फिकहचे प्रश्न

भाताची कापणी आटोपली की रत्नागिरी जिल्ह्यातले मळे मोकळे होतात. खाचरावर रोलर फिरतो, चुन्याच्या रेघा ओढल्या जातात, कडेला समालोचकाचा मांडव उभा राहतो आणि टेनिस बॉल क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. तो थेट मृगाच्या तोंडापर्यंत चालतो. वाडीवाडीचे संघ त्यात उतरतात, तसेच मोहल्ल्यांचेही. इथल्या मुसलमानांना क्रिकेट नवं नाही. चिपळूणजवळच्या कालुस्त्यात जन्मलेले गुलाम पारकर १९८२ मध्ये लॉर्ड्सवर भारताकडून कसोटी खेळले. तरीही आधुनिक खेळ फिकहला, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राला, मान्य आहेत का, हा प्रश्न आजही विचारला जातो. हल्ली तो मोबाइलवर विचारला जातो आणि उत्तरंही मोबाइलवरच येतात, कधी लखनौहून, कधी कराचीहून, कधी रियाधहून.

या चर्चेचा आढावा घेताना एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ‘खेळावं की नाही’ या मूळ प्रश्नावर जाणकारांत फारसा झगडा उरलेला नाही. झगडा आहे तो बक्षिसाच्या पैशावर, पोशाखावर, नमाज-रोजाच्या वेळांवर. कोकणात त्यात आणखी एक गुंता आहे, कारण इथली उत्तरं उरलेल्या महाराष्ट्रासारखी नसतात.

शाफई किनारा

भारतातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे नियम पाळतात. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई. अरबस्तान आणि येमेनशी शतकानुशतकं चाललेल्या दर्यावर्दी व्यापारातून हा पंथ किनाऱ्याला रुजला. खाली भटकळमध्ये आणि केरळच्या मलबारात तोच आहे, समुद्रापलीकडे मलेशिया आणि इंडोनेशियातही तोच. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे याच परंपरेतले मोठे विद्वान.

हा फरक फक्त ग्रंथांतला नाही. शाफई मतानुसार वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली की असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, वेळ लागते. रूढ हनफी मतात ती दुप्पट व्हावी लागते. त्यामुळे शाफई मशिदीत असर लवकर होते, मुलं नमाज आटोपून मैदानावर जातात आणि सूर्यास्ताला मगरीबच्या बांगेला स्टंप उपटतात. हनफी वस्तीत त्याच वेळापत्रकात असर नेमकी खेळाच्या मध्यात येते.

जुने आधार

चर्चेत ज्या हदीसा, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, पुन्हा पुन्हा पुढे येतात त्या मोजक्याच आहेत. पैगंबरांनी पत्नी हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावली, घोड्यांच्या शर्यती भरवल्या. रुकाना नावाच्या नामांकित मल्लाला त्यांनी कुस्तीत चीत केल्याची हदीसही सांगतात, पण तिच्या कथनकर्त्यांच्या साखळीबद्दल काही हदीसतज्ज्ञांना शंका आहे. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचा खेळ करत होते आणि आयेशांनी तो पाहिला, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

उलट बाजूलाही आधार आहेत. धनुर्विद्या, घोड्याला शिकवणं आणि घरच्या माणसांशी खेळणं सोडलं तर माणसाचे बाकीचे खेळ व्यर्थ होत, अशा आशयाची हदीस तिरमिझीच्या संग्रहात आहे. फाशांच्या ‘नर्द’ या खेळाबद्दल मुस्लिमच्या संग्रहात अत्यंत कडक शब्द आहेत. कुराणाच्या पाचव्या सुरेत दारू आणि जुगार यांना एकत्रच त्याज्य ठरवलं आहे.

पुढच्या फकिहांनी, म्हणजे कायदेपंडितांनी, यातून नियम काढले. तेराव्या शतकातले इमाम नववी यांचा ‘मिन्हाज’ हा शाफई कायद्याचा पाठ्यग्रंथ मानला जातो. त्यात नर्द हराम आणि बुद्धिबळ मकरूह, म्हणजे नापसंत पण निषिद्ध नव्हे, असा भेद केला आहे. दोन्ही बाजूंनी पैसा लागला तर मात्र तो जुगारच. नंतरच्या शाफई पंडितांनी यामागचं तत्त्व उलगडून सांगितलं: ज्याचा निकाल हिशेब आणि विचार यांवर ठरतो तो खेळ हराम नाही, ज्याचा निकाल नशिबाच्या दानावर ठरतो तो हराम. हनफी ग्रंथ बुद्धिबळाबद्दल याहून कठोर आहेत.

रत्नागिरीत हे तत्त्व लावायला फार लांब जावं लागत नाही. कॅरम या शहरात मुरलेला खेळ आहे आणि रियाझ अकबर अली हे इथलं राज्य पातळीवर परिचित नाव. शाफई तत्त्वाने पाहिलं तर कॅरम हाताच्या कसबाचा खेळ म्हणून बुद्धिबळाच्या रांगेत किंवा त्याहूनही सौम्य ठरतो. लुडो मात्र फाशाचा, म्हणून नर्दच्या रांगेत जातो. हनफी फतव्यांत हे दोन्ही खेळ अनेकदा एकाच दमात नापसंत ठरवलेले दिसतात. फोनवर लुडो खेळणाऱ्या आणि कॅरमला नाक मुरडणाऱ्या मंडळींना हा भेद थोडा अडचणीचा वाटेल.

आजचे तीन सूर

आधुनिक काळात ढोबळमानाने तीन भूमिका दिसतात. पहिली मोकळी. इजिप्तमधले विद्वान युसुफ करझावी यांच्या १९६० च्या ‘अल-हलाल वल-हराम फिल इस्लाम’ या पुस्तकाने ती जगभर पोचवली. व्यायाम आणि मनोरंजन मुळात वैध, फक्त अटी पाळायच्या. बुद्धिबळासाठी त्यांनी तीन अटी घातल्या: नमाज चुकू नये, पैज नसावी आणि जिभेवर ताबा असावा. तिसरी अट टेनिस क्रिकेटच्या पंचांनाही मान्य व्हावी.

दुसरी भूमिका मधली आणि उपखंडातल्या देवबंदी वर्तुळात जास्त प्रचलित. मुफ्ती तकी उस्मानी यांनी सहीह मुस्लिमवरच्या आपल्या अरबी भाष्यात ती नीट मांडली आहे. ज्या खेळाला वचनानेच मनाई आहे तो वर्ज्य. ज्यात शरीराचा किंवा दीन-दुनियेचा खरा लाभ आहे तो मर्यादेत चालतो. ज्यात लाभ नाही आणि माणूस कर्तव्य विसरतो तो टाळावा. इथे खेळाच्या नावापेक्षा त्याचा परिणाम पाहिला जातो.

तिसरा सूर सावध, कधी कठोर. सौदी आणि सलफी वर्तुळातल्या काही उलेमांनी फुटबॉलवरच बोट ठेवलं, कारण त्यातून संघनिष्ठेची भांडणं, वेळेचा अपव्यय आणि परक्यांचं अनुकरण वाढतं असं त्यांचं म्हणणं. त्याच सौदी अरेबियात २०१६ मध्ये मुख्य मुफ्तींनी बुद्धिबळाला हराम म्हटलं आणि २०१७ च्या डिसेंबरात रियाधमध्ये जागतिक जलद बुद्धिबळ स्पर्धा भरली. मुफ्तींचं मत आणि राज्याचा व्यवहार असे वेगळ्या वाटांनी जातात, हे लक्षात ठेवायला हवं.

शाफई केरळचं उदाहरण कोकणाला सर्वांत जवळचं. २०२२ च्या विश्वचषकात मलबारभर खेळाडूंचे अवाढव्य कटआउट उभे राहिले, तेव्हा ‘समस्त’ या तिथल्या मोठ्या उलेमा संघटनेच्या खतीबांच्या, म्हणजे मशिदीत प्रवचन देणाऱ्यांच्या, समितीने इशारा दिला. खेळायला हरकत नाही, पण खेळाचं वेड, कटआउटवरची उधळपट्टी आणि परक्या देशांचे झेंडे मिरवणं योग्य नाही, असा त्याचा रोख होता. त्यावर केरळात मुसलमानांमधूनच टीकाही झाली. खेळाडूपेक्षा प्रेक्षकाकडे बोट दाखवणारा हा फतव्यांतला तुलनेने नवा प्रकार.

बक्षीस कुणाच्या खिशातून?

कोकणातल्या स्पर्धांना खरी ठेच लागते ती इथे. बहुतेक स्पर्धांना प्रवेश फी असते. सोळा किंवा बत्तीस संघ, प्रत्येकाकडून ठरावीक रक्कम, आणि त्या पैशांतून पहिलं-दुसरं रोख बक्षीस. फिकहच्या भाषेत हे ‘किमार’च्या, म्हणजे जुगाराच्या, अगदी जवळ जातं: प्रत्येकाने पैसा लावला, एकाने उचलला, बाकीचे गमावून बसले.

मूळ हदीस बक्षिसाची शर्यत बाण, उंट आणि घोडा या तीन गोष्टींपुरती ठेवते. दोन्ही घोडेस्वारांनी पैसा लावला असेल तर जुन्या पंडितांनी ‘मुहल्लिल’ हा उपाय सांगितला. म्हणजे काही न लावता शर्यतीत उतरणारा तिसरा स्वार: जिंकला तर सगळं त्याचं, हरला तर त्याचं काही जात नाही. चौदाव्या शतकातल्या इब्न कय्यिम यांनी ‘अल-फुरूसिया’ या ग्रंथात या अटीची गरजच नाही असा वाद घातला, पण शाफई आणि हनफी मुख्य प्रवाहाने ती ठेवली.

हनफींनी या यादीत पायी शर्यतही घेतली. शाफई ग्रंथ मात्र बक्षिसाच्या कराराला लढाईच्या साधनांपुरतं बांधून ठेवतात. धावणं किंवा कुस्ती बिनपैजेची असेल तर खुशाल चालते, पण त्यावर पैशाचा करार त्यांना मान्य नाही. शाफई मत सगळीकडे मवाळच असतं असा कोकणात एक सोयीचा समज आहे. बक्षिसाच्या बाबतीत तरी तो टिकत नाही.

आधुनिक संस्थांनी थोडी वाट मोकळी केली. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००३ मध्ये दोह्याच्या अधिवेशनात स्पर्धांच्या बक्षिसांवर ठराव केला. हेतू वैध असेल, कर्तव्य चुकत नसेल आणि बक्षिसाची रक्कम सगळ्या स्पर्धकांकडून गोळा झालेली नसेल, तर स्पर्धा वैध. म्हणजे बक्षीस दुकानदाराने, पंचायतीने किंवा आखातात नोकरी करणाऱ्या गावकऱ्याने दिलं तर चालतं.

व्यवहारात आयोजक यावर तोडगा काढतात तो हिशेबाच्या वहीत. प्रवेश फी मैदान, चेंडू, पंच आणि मांडवाच्या खर्चात दाखवायची, चषक आणि रोख रक्कम देणगीदाराच्या नावावर. अनेक मुफ्तींना हे मान्य होईल, पण पैसा खरोखर वेगळा असला तरच. सगळी रक्कम एकाच डब्यात जमा होऊन त्यातूनच बक्षीस गेलं, तर वहीतली रेघ निरर्थक ठरते. माझ्या मते या सगळ्या चर्चेतला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा आहे. स्कोअरबोर्ड सगळ्यांना दिसतो, जमाखर्च कुणालाच दिसत नाही.

इथे भारतीय कायदा आणि फिकह यांच्या वाटा वेगळ्या होतात. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यापासून आपल्याकडे कसोटी कौशल्याची राहिली: खेळ कौशल्याचा असेल तर तो जुगार नाही. फँटसी क्रिकेटच्या कंपन्या कित्येक वर्षं याच आधारावर उभ्या होत्या. फिकहमध्ये कौशल्य पुरेसं नाही, पैसा कुणी लावला हे पाहिलं जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा या एका मुद्द्यावर दोन्ही कायदे एका बाजूला आले, जरी कारणं निराळी होती.

गुडघा, हिजाब आणि मैदान

पुरुषाचं ‘सतर’, म्हणजे झाकायचं अंग, नाभी ते गुडघा. शाफई मतात नाभी आणि गुडघा स्वतः त्यात येत नाहीत, हनफी मतात गुडघा येतो. म्हणून गुडघ्याला टेकणारी चड्डी एका पंथात चालते आणि दुसऱ्यात अडते. मांडी झाकायलाच हवी का, यावर हदीसांतच दोन सूर आहेत आणि बुखारींनी त्या मतभेदाची नोंद घेतली आहे, पण चारही पंथांचा बहुमताचा कल झाकण्याकडे. रत्नागिरीत हा प्रश्न क्रिकेटपेक्षा कबड्डीत जास्त येतो, कारण तिथली चड्डी आखूड असते. खाली घट्ट पूर्ण पँट घालून बहुतेक मुलं तो सोडवतात. घट्ट कपड्यावर आक्षेप घेणारेही आहेत, पण तो ओघ बारीक आहे.

मुलींच्या बाबतीत मतभेद खोल आहेत. स्त्रियांनी खेळावं का, यावर आयेशांच्या शर्यतीची हदीस असल्यामुळे मूळ परवानगी कुणी सहसा नाकारत नाही. प्रश्न कुणासमोर खेळायचं हा. एक मत म्हणतं, फक्त स्त्रियांमध्ये, बंदिस्त जागेत. दुसरं म्हणतं, अंग झाकलेलं असेल तर मिश्र प्रेक्षकांसमोरही चालेल. पहिल्या मताचे लोक धावताना शरीराची होणारी हालचाल हाच आक्षेप मानतात. दुसऱ्या मताचे लोक विचारतात की बाजारात, शेतात, मच्छी विकताना स्त्री लोकांसमोर राबते, तर मैदानावरच वेगळा निकष का. स्पर्धेसाठी परगावी एकटीने जाणं हा निराळा मुद्दा. अनिवार्य नसलेल्या प्रवासाला शाफई ग्रंथ मेहरम (ज्याच्याशी लग्न निषिद्ध असा) नातेवाईक सोबत मागतात, तर आजचे काही अभ्यासक सुरक्षित वाहतूक आणि शिक्षिकांसह असलेला चमू पुरेसा मानतात.

जगात नियमांची अडवणूक दुसऱ्या बाजूनेही झाली. फुटबॉलच्या फिफाने डोक्यावरच्या वस्त्राला २०१४ मध्ये कायमची परवानगी दिली, बास्केटबॉलच्या महासंघाने २०१७ मध्ये. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सने आपल्याच खेळाडूंना हिजाब घालू दिला नाही. २००५ मध्ये सानिया मिर्झाच्या पोशाखावर एका मौलवीने फतवा काढला होता. एकीकडे कमी झाकलं म्हणून आक्षेप, दुसरीकडे जास्त झाकलं म्हणून, आणि दोन्ही वेळा बोलणारे बहुतेक पुरुषच.

प्रवासी कोण?

गेली काही वर्षं रमजान कोकणच्या क्रिकेट हंगामातच येतो आहे, २०२२ मध्ये एप्रिलात, २०२५ मध्ये मार्चात. गावातल्या सामन्यासाठी रोजा सोडायला कुठल्याही पंथात मुभा नाही. प्रवाशाला मात्र आहे, आणि शाफई हिशेबाने प्रवासाचं अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास धरतात. रत्नागिरीहून लांज्याला जाणारा संघ त्यात बसत नाही, चिपळूणला जाणारा कसाबसा बसतो, मुंबईला जाणारा निर्विवाद. शिवाय त्या दिवसाची सूट हवी तर फजर, म्हणजे पहाटेच्या नमाजाची वेळ, लागण्याआधी गावाची वेस ओलांडायला हवी.

नमाजाच्या बाबतीत शाफई प्रवाशाला जोहर (दुपारची) आणि असर एकत्र पढता येतात. हनफी प्रवाशाला हजचे ठरावीक प्रसंग सोडले तर ही सवलत नाही. एकाच गाडीतून गेलेल्या, एकाच संघातल्या दोन खेळाडूंचं वेळापत्रक त्यामुळे वेगळं होऊ शकतं.

४ मार्च २०२५ रोजी, रमजान चालू असताना, दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीच्या उपांत्य सामन्यात मोहम्मद शमी सीमारेषेवर पेय पिताना दिसला. बरेलीचे मौलाना शहाबुद्दीन रझवी यांनी त्याला शरियतचा गुन्हेगार म्हटलं. लखनौचे मौलाना खालिद रशीद फरंगी महली यांच्यासह इतरांनी उत्तर दिलं की प्रवाशाला कुराणानेच सूट दिली आहे. वाद बराच गाजला, पण खरा फिकही पेच कुणी फारसा काढला नाही. भारताचा संघ त्या स्पर्धेतले सगळे सामने दुबईतच खेळला. शाफई मतात येण्या-जाण्याचे दिवस वगळून चार दिवस राहायचं ठरलं की माणूस मुक्कामी ठरतो, हनफी मतात पंधरा दिवसांनी. लांबलेल्या मालिकेत खेळाडू प्रवासी किती दिवस राहतो, हा प्रश्न मोकळाच आहे. प्रचंड दमछाकीमुळे रोजा सोडता येतो का, हा त्याच्याच पाठचा. उपजीविकेसाठी अंग मोडून राबणाऱ्या मजुराला, हाल असह्य झाले तर, जुने ग्रंथ सवलत देतात. व्यावसायिक खेळाडूला मजुराच्या जागी बसवायचं का, यावर एकमत नाही.

इजा, झुंजी आणि नारळ

काही बाबतींत निकाल बराच पक्का आहे. मक्केच्या इस्लामी फिकह परिषदेने १९८७ मध्ये मुष्टियुद्ध, एकमेकांना इजा करायची मोकळीक देणारी कुस्ती आणि बैलांशी झुंज यांना वर्ज्य ठरवलं. चेहऱ्यावर मारू नये ही हदीस त्यामागे आहे. जनावरं एकमेकांशी झुंजवायलाही हदीसने मनाई केली आहे. बैलगाडीच्या शर्यतीला मात्र ती थेट लागत नाही. तिथे प्रश्न जनावराच्या हालांचा आणि पैजेचा, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना दिलेली मुभा या धर्मविषयक प्रश्नाचं उत्तर नव्हे.

कोकणात मैदानाचं उद्घाटन नारळ वाढवून होतं. मोहल्ल्याचा संघ तेव्हा रांगेत उभा असतो. नुसतं उपस्थित राहणं आणि विधीत सामील होणं यात बहुतेक उलेमा फरक करतात, आणि गावातही तो न बोलता पाळला जातो: नारळ दुसऱ्या कुणाच्या हाती, मुसलमान कर्णधाराच्या हाती नाणेफेक. कराटेतलं वाकून अभिवादन हा त्याचाच भाऊबंद. ते नमाजातल्या रुकूसारखं, म्हणजे वाकण्यासारखं, दिसतं म्हणून काही जण हरकत घेतात, काही जण त्याला फक्त शिष्टाचार मानतात. जर्सीवरच्या जाहिरातीचा प्रश्न दक्षिण आफ्रिकेचा फलंदाज हाशिम अमला याने बिअरच्या बोधचिन्हाविना जर्सी घालून कधीच पुढे आणला होता. स्थानिक स्पर्धांत मद्याच्या जाहिराती नसतात, सट्ट्याच्या ॲपच्या मात्र येऊ लागल्या होत्या.

कुठलं उत्तर कुणाचं?

सगळ्यात कमी सुटलेला प्रश्न खेळाविषयी नाहीच. रत्नागिरीच्या एकाच मशिदीत शाफई आणि हनफी नमाजाला एका सफेत (रांगेत) उभे राहतात, मुलं उर्दू वाहिन्यांवर हनफी मुफ्तींचं ऐकतात, घरची रीत शाफई असते. अशा वेळी रोख बक्षिसाची कॅरम स्पर्धा घ्या. खेळाला सवलत शाफई तत्त्वातून मिळते, पण बक्षिसाला ती मिळते आजच्या अकादमीच्या ठरावातून, कारण जुनं शाफई मत तिथे आडवं येतं. हनफी मुफ्तीला विचारलं तर तो कदाचित बक्षिसापर्यंत पोचणारच नाही, खेळालाच नको म्हणेल. दोन ठिकाणच्या दोन सवलती जोडून एक परवानगी तयार करता येते का? जुन्या फकिहांपैकी बहुतेकांनी सोयीसाठी सवलती वेचत फिरण्याला विरोध केला. १९९३ मध्ये ब्रुनेईच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने या विषयावर ठराव केला, त्यात खरी गरज आणि वैध हेतू असेल तर दुसऱ्या पंथाची सवलत घ्यायला वाव ठेवला, पण नुसत्या हौसेपोटी घ्यायला नाही. रविवारची कॅरम स्पर्धा गरजेत मोडते की हौसेत, हे त्या ठरावात लिहिलेलं नाही. ते सांगायचं काम मोहल्ल्याच्या खतीबाकडे येतं.